घाईने उघडलेला आवा

कुंभाराच्या बायकोला विकतचं मडकं द्यायचं का, असं मी ओरडून विचारलं आणि जमलेले लोक खाली बघून तिरडी बांधत राहिले. कुणीतरी मला तेव्हा दटावायला हवं होतं.

ही यंदाची, एकोणऐंशी सालची, वसईकडच्या बोळिंजची गोष्ट. महिनाभर अंगावर काढलेल्या तापाने माझी आनंदी पहाटे गेली. संक्रांतीत सगळा माल खपला होता, त्यामुळे तिच्या तिरडीपुढे धरायलाही घरात मडकं नव्हतं. शेजारचा सिप्रियन वाडीतून कोरं मडकं घेऊन आला.

"गेल्या आठवड्यात तुझ्याकडनंच नेलं. अजून पानी भरलं नाय. वहिनींच्या हातचं आहे, घे."

"विकलेलं मडकं मी परत घेत नाही," मी म्हणालो.

अंगणात मडकी भाजायला आदल्या दिवशी लावलेला आवा धुमसत होता. आत तिने थापटलेली चाळीस मडकी होती. आमच्यात बाई चाकावर बसत नाही. मी जाड मडकं उतरवून द्यायचो आणि ती आतून दगड धरून, बाहेरून थापटीने ठोकून ते पातळ, गोल करायची. खरा आकार तिचाच. हे मी तिला कधी बोललो नाही.

आवा दोन दिवस निवू द्यावा लागतो, हे कुंभाराच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तरी मी फावड्याने राख ओढली. गार वारा आत शिरला आणि मडकी तडकू लागली. एकच अखंड निघालं. खांद्यावर घेतलं तेव्हा ते अजून कोमट होतं. आनंदी गार पडली होती. तीन फेऱ्या मारून, मागे न बघता, तेही मी फोडलं.

तेव्हापासून रोज दुपारी सिप्रियनच्या ओट्यावर त्याच मडक्यातलं पाणी प्यायला जातो. तहान नसते. तो दोनदा म्हणाला, मडकं घेऊन जा. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. लोकांच्या जिभेला हाड नसतं, माझ्या जिभेला नुसतं हाडच आहे.

काल त्याच्या बायकोने, क्लाराने, मडकं रिकामं करून, पुसून ओट्यावर ठेवलं होतं.

"आज पानी नाय, काशिनाथदादा," म्हणाली आणि आत गेली.

मी कोपरापर्यंत हात आत घातला. आनंदीच्या दगडाचे खळगे बोटांना लागले, एकाशेजारी एक, सारखे. बुडाकडे मात्र ते वेडेवाकडे झाले होते. हे थापटताना तापाने तिचा हात थरथरत होता. तो दिवस मला आठवला. मी चाकावरून ओरडलो होतो, हात चालव.