दोन कप्प्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मला घडवलं बिस्किटांसाठी, पण पुस्तकबांधणीच्या कारखान्यातल्या सहा खादाड माणसांनी मला दोन दिवसांत रिकामं केलं. मी भंगारातच जाणार होतो, पण बांधणीमास्तरांनी मला उचललं, मधोमध पत्र्याची पट्टी बसवली आणि झाकणाला दोन खाचा पाडल्या. त्यांचे उपकार मी कधीच विसरणार नाही.

झालं होतं असं, की कारखान्यात विम्याचा एजंट येऊन गेला होता. सगळी हातावर पोट असलेली माणसं, आणि कागद कापायच्या मशीनचं पातं कुणाला कधी लागेल याचा भरवसा नव्हता. मास्तरांनी मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हप्ते भरून हाती काय येईल याचा नेम नाही, आणि मधल्या काळात तुमचे पैसे व्याजावर फिरणार; व्याज तर आपल्या धर्मात निषिद्ध. त्यापेक्षा दर आठवड्याला एकमेकांसाठी दान बाजूला काढा. ज्याच्यावर वेळ येईल, त्याला द्या."

माझा उजवा कप्पा त्या दानाचा. डाव्या कप्प्यात मास्तर बँकेने त्यांच्या खात्यात जमा केलेलं व्याज आणून टाकत. ते स्वतःवर खर्चायचं नाही आणि देऊन टाकताना पुण्याची आशाही धरायची नाही, असा नियम. त्यातून गल्लीतल्या सार्वजनिक संडासाचं दार दोनदा दुरुस्त झालं. गंमत म्हणजे, साऱ्या गावाच्या हिशेबाच्या वह्या बांधणाऱ्या या माणसांनी माझी वही मात्र ठेवली नाही. कोण किती टाकतो, हे कुणी बघतच नसे.

सगळ्यांत नव्या कारागिराला 'पहिलवान' म्हणत. अंगाने दांडगा, मनाने भलताच हळवा. त्याच्याकडे एका बँकेच्या कोऱ्या रजिस्टरांचं काम आलं. या मजुरीलाही व्याज चिकटलेलं असणार, असं त्याच्या मनाने घेतलं आणि सात महिने तो आपलं दान गुपचूप डाव्या कप्प्यात टाकत राहिला. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

मग एक दिवस पात्याने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं खोलवर चिरली. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत शस्त्रक्रिया झाली तर बोटं वळतील, नाहीतर जन्मभर ताठच राहतील. मास्तर मला बगलेत मारून दवाखान्यात धावले, आणि हा पठ्ठ्या पैसे घेईना!

"मास्तर, मी उजवीकडे एक पैसाही टाकलेला नाही. माझा हक्क कसला?" मग त्याने सगळं सांगितलं.

त्याची बायको रडकुंडीला आली. "अहो, मशीनवर हात चालला नाही तर पोरांना काय खायला घालू?"

मास्तरांच्या मागोमाग इमामसाहेबही आले होते. ते जवळ बसले. "कोऱ्या वह्या बांधल्यास बाबा, व्याज नाही लिहिलंस. तुझी मजुरी घामाची आहे. आणि समजा, तू काहीच टाकलं नसतंस, तरी काय? टाकलं की ते दान झालं. त्यात ना मास्तरांचा वाटा, ना तुझा. आज फक्त गरज कुणाची आहे, एवढंच बघायचं."

पहिलवान ओक्साबोक्शी रडला. मास्तरांनी माझा उजवा कप्पा उपडा केला. त्या दिवशी मी तळापर्यंत रिकामा झालो, आणि तरी इतका मी कधीच भरून पावलो नव्हतो.

पुढे कारखाना मोठा झाला आणि मदतीचे पैसे रीतसर खात्यात जाऊ लागले. मी फळीवर धूळ खात पडलो. मास्तरही गेले. तेव्हा मला घरी नेलं ते पहिलवानानेच. आता माझा पत्रा वाकलाय, झाकण धड लागत नाही.

मित्रांनो, तुमच्यात कुणावर वेळ आली, तर त्याने आजवर काय दिलं ते विचारू नका. त्याला काय हवंय ते विचारा. मला हे एका माणसाने शिकवलं. तो रोज सकाळी मला पुसतो, मग ती दोन बोटं वळवून माझं झाकण हळूच दाबून बसवतो.