मायाक्काच्या हातातला रिमोट

मित्रांनो, टीव्हीला जोडून खेळायच्या गेमचा मी एक जुना रिमोट. जुना म्हणजे इतका, की माझ्या बटणांवरची चित्रं बोटांनी घासून केव्हाच पुसली गेली. सध्या सोलापूरच्या कडेला एका घरामागे शेळीचं खोपट आहे, त्याचं दार माझ्या वायरीने बांधतात आणि मी दाराला लटकलेला असतो. दिवसभर ऊन लागतं. लागतं म्हणजे पडतं. मला त्याचं काही वाटत नाही.

पूर्वी वाटायचं. माझ्या पोटात एक बारकी मोटर होती. गेममधला ट्रक कुठे धडकला की ती गरगर फिरायची आणि मी धरणाऱ्याच्या हातात थरथरायचो. मला कुठल्या कारखान्यात जोडलं ते आता आठवत नाही. आठवतं ते शिवानंदचं दुकान. लोकांना नकोसे झालेले टीव्ही, मोबाइल आणि गेम तो उघडायचा, पुसायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा विकायला मांडायचा. त्याच दुकानात एका दुपारी बिरुदेव आला.

बिरुदेवच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखत. तो मात्र सोलापुरात येऊन टेम्पो चालवायला लागला. चादरींचे गठ्ठे भरायचे आणि गावोगावी पोचवायचे. मेंढरं गेली, तरी घरात बिरोबाचा भंडारा राहिला, आणि मागच्या दारी सवय म्हणून एक शेळी राहिली. तर या बिरुदेवने गेमचं खोकं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बारा गेम हायत व्हय ह्यात?"

"गेम एकच हाय, मालक," शिवानंद म्हणाला. "बारा वरसाच्या पुढच्या पोरांनी खेळायचा, म्हणून बारा लिवलंय."

"माझा मल्हार बाराचाच हाय की."

"मंग चालतंय. बारकं कोण हाय का घरात?"

"लेक हाय. मायाक्का. पाच वरसाची."

"तिच्या हातात दिऊ नका. अंगठे पुरायचे न्हाईत. आन् गाडी दरीत पडली की माणूस वरडतंय त्यात. लई वंगाळ वाटतंय ऐकायला."

बिरुदेवने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

गेम होता घाटातून मालाचा ट्रक न्यायचा. एका अंगठ्याने गाडी वळवायची, दुसऱ्याने वेग द्यायचा, आणि मागच्या बाजूला बोट अडकवून ब्रेक दाबायचा. मल्हारला ते चार दिवसांत जमलं. मायाक्का जवळ बसून बघायची. आजीचं नाव ठेवलेलं म्हणून एवढं मोठं नाव, बाकी पोरगी मुठीएवढी. ती हट्टाला पेटली की आई पूनम स्वयंपाकघरातून ओरडायची, "मल्हार, तिला बी दे की रं जरा!" मग मी तिच्या हातात यायचो. तिचे अंगठे बटणाच्या अर्ध्यावर पोचायचे. ब्रेक सापडेपर्यंत ट्रक दरीत गेलेला असायचा. आतला माणूस ओरडायचा, पडदा लाल व्हायचा, मी थरथरायचो, आणि मायाक्का मला टाकून आईच्या पदरात शिरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हट्ट.

शिवानंदने सांगितलं होतं ते असं रोज खरं ठरत होतं, पण रडणं थांबवायची घाई सगळ्यांनाच होती.

एकदा शेळी घरात शिरली. सगळे बाहेर बोलत उभे होते. शेळीने पेपर सोडला, भाकरीचा तुकडा सोडला आणि माझी वायर चावली. मध्यातून साफ तोडली. त्या क्षणापासून माझ्या पोटातली मोटर गप्प झाली. दुखलं का, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. नंतर काही वाटलंच नाही.

मल्हारसाठी शिवानंदकडून दुसरा रिमोट आला. माझं काय करायचं, हा प्रश्न पूनमने सोडवला. ती हळूच मल्हारला म्हणाली, "ह्यो तुटका तिच्या हातात दे. तिला काय कळतंय?"

झालं. मल्हारने माझ्या वायरीचं तुटकं टोक टीव्हीखालच्या चादरीआड खुपसलं आणि मला बहिणीच्या मांडीवर ठेवलं. तो खरा रिमोट घेऊन खेळायचा आणि ती मला घेऊन. तो ट्रक वळवायचा, ती मला वळवायची. ट्रक घाट चढला की ती टाळ्या पिटायची, "दादा, म्या चढीवली!" मल्हार म्हणायचा, "व्हय, तूच की." घरात शांतता झाली. पूनमला भाकऱ्या थापता येऊ लागल्या. सगळ्यांचंच भलं झालं, असं मलाही वाटलं असतं, वाटत असतं तर.

बिरुदेव बाहेरगावी मुक्कामी असला की फोन करायचा. मायाक्का फोनवर ओरडून सांगायची, "अप्पा, आज बी घाट चढीवला! एकदा बी न्हाय पडली!" पलीकडून बिरुदेव सोबतच्या माणसांना सांगताना ऐकू यायचा, "माझी लेक माझ्यापेक्षा भारी डायवर हाय."

आता या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टेम्पो लांबच्या गावाला निघाला की बिरुदेव मायाक्काला उचलून आपल्या सीटवर बसवायचा. डबीतला भंडारा, म्हणजे देवाची हळद, तिच्या चिमटीत द्यायचा. ती स्टेअरिंगला पिवळं बोट ओढायची, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणायची, आणि मगच किल्ली फिरायची. दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. "हिच्या हातावर माझी गाडी चालती," असं बिरुदेव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. प्रेमाने सांगायचा. पण हे नुसतं प्रेमाचं बोलणं आहे, शब्दशः खरं नाही, हे पाच वर्षांच्या लेकराला कुठे कळतं? तिच्या हातावर गाडी चालते. सकाळी अप्पाची, दुपारी टीव्हीतली. तिच्या लेखी हात तोच होता.

एक दिवस सकाळी बिरुदेव गठ्ठे भरून निघाला. बोट ओढून झालं. दुपारी कूलरसमोर दोघं भावंडं खेळायला बसली. त्या दिवशी मल्हारचं लक्ष नव्हतं. ट्रक वळणावर घसरला, कलंडला आणि खाली गेला. माणूस ओरडला. मल्हार हसत म्हणाला, "मायाक्का, पाडलीस की गं गाडी!"

नेहमीची थट्टा होती. जिंकलं की तिचं, हरलं तरी तिचं. तो दुसरा डाव सुरू करतो न करतो तोच पूनमचा फोन वाजला. टेंभुर्णीच्या अलीकडे टायर फुटून टेम्पो पलटी झाला होता. बिरुदेव जिवंत होता, पाय मोडला होता. पूनमने मोठ्याने हाक मारली. शेजारपाजारचे आत आले. त्या गोंधळात मायाक्काने मला हळूच जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही तळवे फ्रॉकला पुसले. पुन्हा पुन्हा पुसले. एवढ्या माणसांत ते फक्त मी पाहिलं, आणि मला तोंड नव्हतं.

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. मला एकट्यालाच नाही, कशालाच नाही. हात काखेत घालून बसायची. आईने घास भरवला तर खायची. बालवाडीच्या बाईंनी पूनमला बोलावून सांगितलं, "खडू धरत नाही, चिकणमाती घेत नाही. काय झालंय हिला?" पूनमने मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. कुणी म्हणालं, बापाचा धसका घेतलाय, होईल बरी. घर चालूच होतं. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, शेळीची धार निघायची. गेमवर चादर टाकली होती आणि चादरीखाली मी होतो.

बिरुदेव घरी आला तो पायाला प्लास्टर घालून. खाटेवरूनच त्याने हात पसरले, "ये की गं, माझी डायवर!" ती उंबऱ्यापाशी थांबली. तिने हात पाठीमागे घेतले. त्याला वाटलं, प्लास्टरला भ्याली. तो हसला, आणि मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

प्लास्टर निघालं. काठी आली, काही दिवसांनी तीही गेली. टेम्पोला नवीन काच बसली, पत्रा ठोकून सरळ झाला. पुन्हा गठ्ठे भरले. निघायच्या दिवशी बिरुदेवने लेकीला उचलून सीटवर बसवलं आणि डबी उघडली. दार उघडं होतं, त्यामुळे अंगणातलं सगळं मला चादरीखाली ऐकू येत होतं.

"लाव की गं बाय."

"न्हाय."

"का गं?"

"आई लावंल."

"तुझ्याबिगर मी कदी निगालोय का? लाव बरं."

मग तिचं रडणं फुटलं. इतके दिवस ती रडली नव्हती, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं असावं. "माझ्या हातानं पलटी हुती, अप्पा! त्या दिवशी म्याच पाडली. दादा म्हणला, पाडलीस की गं. आन् मंग फोन आला!"

मग पळत येणारी पावलं वाजली. मल्हारने चादर ओढली, मला उचललं आणि वायरीचं टोक टीव्हीखालून उपसून तसंच फरफटत टेम्पोपाशी नेलं.

"ही बग! ही बग वायर! शेळीनं तोडलीया. ही जोडलेलीच न्हाय. तू कदी खेळतच न्हवतीस, मायाक्का. समदं मी खेळत हुतो."

इतक्या दिवसांनी तिने मला हातात घेतलं. माझी वायर बोटांनी चाचपत ती टोकापर्यंत गेली. टोकाला शेळीच्या दातांच्या खुणा होत्या. ती त्या खुणांकडे बघत राहिली. तिचं रडणं थांबलं. मल्हारला वाटलं, सुटलो. पूनमनेही पदराने डोळे पुसले.

"मंग घाट कोण चढीवला?" मायाक्काने विचारलं.

"मी."

"समदा?"

"समदा."

"म्या अप्पांना फोनवर सांगितलेला?"

मल्हारने मान खाली घातली. बिरुदेव पूनमकडे बघायला लागला आणि पूनम जमिनीकडे. पोरीच्या डोक्यावरचा भार उतरला होता, पण त्याच हाताने तिची सगळी कमाईही काढून घेतली गेली होती. माझ्या पोटातली मोटर चालू असती, तर त्या वेळी मी नक्की थरथरलो असतो.

"टायर फुटला हुता गं," बिरुदेव हळू आवाजात म्हणाला. "तुझा काय बी दोष न्हाय. कुणाचाच न्हाय." त्याने डबी पुन्हा पुढे केली. या वेळी तिने चिमूट भरली. हात स्टेअरिंगपर्यंत नेला. आणि मध्येच थांबवून तिने बापाकडे पाहिलं.

"अप्पा, ह्याची वायर जोडलीया का?"

बिरुदेवने स्टेअरिंगवर हात ठेवला. इतके दिवस तिच्या हातावर गाडी चालते म्हणत आलेला माणूस. तो म्हणाला, "गाडी मी चालवितो, बाय. वायर माझ्याकडं. तुझा हात मला धीर देतो. तेवढंच त्याचं काम."

तिने ऐकलं. मग खाली वाकून स्टेअरिंगखाली नीट बघून घेतलं. आणि एक बारीकसं पिवळं बोट ओढलं. चांगभलं मात्र बिरुदेवलाच म्हणावं लागलं.

तेव्हापासून मी खोपटाच्या दाराला आहे. ज्या शेळीने मला चावलं, तिलाच मी आत अडवून ठेवतो. तिचा राग नाही. तिने वायर तोडली. ती जोडलेली आहे असं माणसांनी सांगितलं.

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटं भावंड असेल, तर खोक्यावरचा आकडा वाचा. तो उगाच छापलेला नसतो. ज्या बटणापर्यंत अंगठा पोचत नाही आणि जो आवाज ऐकून रडू येतं, तो खेळ अजून त्याचा नाही. त्याला त्याच्या बोटांच्या मापाचा खेळ द्या. सोपा असू दे, एका बटणाचा असू दे, नाहीतर चिंचोक्यांचा असू दे. पण त्याने हात हलवला की काहीतरी खरोखर हललं पाहिजे. रडू नये म्हणून तुटका रिमोट हातात देऊ नका.

मल्हारने तिच्यासाठी शिवानंदकडून एक बारक्या पोरांचा गेम आणला आहे. बटण दाबलं की कोंबडी अंडं देते, बाकी काही नाही. मायाक्काला तो लगेच जमला. उघड्या खिडकीतून कोंबडीचा आवाज माझ्यापर्यंत येतो. पण तो लगेच येत नाही, थोडा वेळ जातो. खेळायला बसली की ती आधी रिमोटची वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत जाते, टीव्हीमागे डोकावते, पिन ओढून बघते. मग येऊन बसते, आणि बटण दाबते.