गायरानातला पंचनामा

२०१९ सालची गोष्ट. हिंगोलीत खाणी आणि गायरानांचा कायदा शिकवणाऱ्या वकील दीपमालाबाई गावाच्या गायरानात चाललेल्या चोरट्या दगडखाणीच्या पंचनाम्याला माळावर उभ्या होत्या. समोर खाणवाल्याचा डंपर इंजिन चालू ठेवून त्यांच्याकडेच तोंड करून थांबलेला. गावची गर्दी जमली होती, पण पंच म्हणून कुणीही पुढे येईना, आणि दोन पंचांशिवाय खाणीविरुद्धचा त्यांचा दावा टिकणार नव्हता.

तेवढ्यात मेंढरांमागून गावातली म्हातारी पंचफुलाबाई आली.

“वकीलबाई, डंपराकडं काहून पाहून राहिल्या?”

“भ्याले गं.”

“मी बी भ्याले. पन मेंढरं कुटं चारू? आना ती शाई.”

तिनं अंगठा उठवला, तसा डंपर दोन हात पुढे सरकला. दोघी जागच्या हलल्या नाहीत. मग दुसरा पंचही गर्दीतून निघाला.

पुढे खाण बंद पडली. खाणवाला परजिल्ह्यात गेला. पंचफुलाबाई म्हातारपणानं वारली. दीपमालाबाई अजून शिकवतात, पण रस्त्यावर डंपर वाजला की शिकवता शिकवता खिडकीशी जातात आणि तो पुढे जाईपर्यंत बघत राहतात.