अर्ध्यावरचं आमेन

काकांची प्रार्थना म्हणजे नमनालाच घडाभर तेल. एकदा का ते चर्चमध्ये पुढे जाऊन डोळे मिटून उभे राहिले, की जगातला एक आजारी, एक प्रवासी, एक परीक्षेला बसलेला पोरगा त्यांच्या तावडीतून सुटत नसे. तरुण पोरांनी त्यांचं नाव लांबकाका ठेवलं होतं आणि ते चर्चच्या पाळकसाहेबांनाही ठाऊक होतं. माणूस मनाचा मात्र सोन्यासारखा. चर्चचं गळकं छप्पर त्यांनीच शिडीवर चढून नीट केलेलं, कुणाकडे आजारपण असलं की उशाशी बसायला पहिले हेच हजर. दोष म्हणाल तर एकच होता, आणि तो चार चाकांवर चालायचा.

गाडी इतकी इवलीशी, की घरात तिला सगळे 'डबी'च म्हणायचे. ही डबी दर रविवारी न चुकता शेजारच्या बेकरीच्या फाटकासमोर उभी. का, तर म्हणे तिथे भिंतीची सावली पडते! चर्चची गल्ली पुढे बंद होती आणि बेकरीचं फाटक गल्लीच्या तोंडाशीच होतं. बाकीची मंडळी लवकर येऊन आत कडेकडेने गाड्या लावायची. काका यायचे सगळ्यांत शेवटी, आणि बाटलीला बूच बसावं तशी डबी तोंडाशी बसायची. फाटकावर बेकरीवाल्याने ठळक रंगाने लिहिलं होतं, 'इथे गाडी लावू नये'. त्याचा काडीचा उपयोग होईना, तेव्हा त्याने खाली खडूने आणखी दोन शब्द टाकले. 'चर्चवाल्यांनीही नाही.'

ते वाचून काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काकू म्हणजे लांबकाकांची बायको. रोज सकाळी पाव आणायला त्या बेकरीत जायच्या आणि बेकरीवाल्याच्या बायकोशी त्यांचं मेतकूट जमलं होतं. पोरगी गोड होती. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, आणि आता कुठे दिवस राहिले होते. काकू तिला किती वेळा म्हणाल्या असतील, "अगं, एकदा ये की उपासनेला. नुसती येऊन बस." ती हसून नवऱ्याकडे बघायची. आणि नवरा पिठाचे हात झटकत म्हणायचा, "काकू, तुमचा देव चांगला असेल हो. माझं त्याच्याशी काही भांडण नाही. पण त्याची माणसं माझ्या फाटकासमोर गाड्या लावतात."

काकू पिशवी उचलून गुमान घरी यायच्या आणि काकांवर तोंड सोडायच्या.

"अहो, देवाने सांगितलंय का फाटक अडवा म्हणून?"

"अगं, तासाभराचा तर प्रश्न," काका म्हणायचे. "आपण काय सिनेमाला जातो तिथे? देवाच्या कामाला जातो. एवढं तर कुणीही समजून घेईल."

"कुठे समजून घेतो तो? आणि ऐकवतो कुणाला? मला!"

पण हे सगळं घरात, दार लावून. चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा काकूंचा जन्माचा नेम. चर्चमध्ये त्या मागच्या बाकावर दाराशी बसायच्या, काकांच्या प्रार्थनेत सगळ्यांत आधी मान खाली घालायच्या आणि आमेन मात्र सगळ्यांच्या बरोबर म्हणायच्या.

त्या रविवारी दोघं घरातूनच भांडत निघाली. उशीर झालेला, काकांना पुढे प्रार्थना चालवायची, आणि काकूंचा हट्ट की आज गाडी मोठ्या रस्त्यावर लावा आणि चालत या. "पोरीचे दिवस भरलेत हो! कधी काय होईल सांगता येतं का?" काका म्हणाले, "आजच काय होणार आहे?" आणि डबी फाटकाला नाक घासून उभी केली, दार धाडकन लावलं आणि कोट सावरत पळाले. काकू मागून आल्या त्या गाल फुगवूनच.

उपासना रंगात आली. पेटीवाल्या बाईंनी सूर धरला, गाणी झाली, आणि काका पुढे येऊन उभे राहिले. डोळे मिटले. सगळी मंडळी उभी राहिली, माना खाली गेल्या.

आजारी झाले, प्रवासी झाले, परीक्षेची पोरं झाली. काकूंचे डोळे मिटलेले होते खरे, पण नाक कुणी मिटतं का? त्यांना ताज्या पावाचा वास आला. चर्चमध्ये पाव कुठून आला, म्हणून त्यांनी एक डोळा किलकिला केला.

दारात बेकरीवाला उभा होता. उंबऱ्याच्या बाहेर. अनवाणी, केसांत पीठ, हात छातीशी जोडलेले. घामाने चेहरा थबथबलेला.

काकू तशाच दाराशी गेल्या. "काय झालं रे?"

"तिला कळा सुरू झाल्यात," तो कुजबुजला. "फार जोरात. पाऊल टाकवत नाही तिला. आमची पावाची व्हॅन फाटकाच्या आत अडकलीय. रुग्णवाहिकेला फोन केला, ती म्हणे अजून पुलापलीकडे आहे."

"अरे मग हाक नाही का मारायची? कधीपासून उभा आहेस?"

"प्रार्थना चालू आहे ना, काकू," तो म्हणाला. "मध्येच कसं बोलायचं? म्हणून थांबलो."

काकूंच्या काळजात चर्र झालं. ज्याचं फाटक आपण दर रविवारी अडवलं, तो आपल्या देवासमोर अदबीने थांबला होता, आणि तिकडे त्याची बायको कळा देत होती. लाज वाटली. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

आणि पुढे काका रंगात येऊन म्हणत होते, "हे दयाळू पित्या, आमच्या शेजाऱ्यांकडे पाहा. आमच्या वागण्यातून त्यांना तुझा प्रकाश दिसू दे. त्यांची बंद दारं तू स्वतः येऊन उघड..."

"आमेन!" काकू ओरडल्या.

मग कुणीतरी, बहुतेक सवयीने, "आमेन" म्हणालं. मग दुसरं कुणी म्हणालं. आणि पाठोपाठ सगळी मंडळी इतक्या मनापासून "आमेन!" म्हणाली, की काकांचे डोळे खाडकन उघडले. त्यांचं तोंड अजून प्रार्थनेतच होतं.

"अगं, माझं अजून..."

"तुमचं राहू द्या!" काकू म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. "देव येईल तेव्हा येईल, दार उघडायला आधी तुमची डबी हलवा! पोरीला कळा सुटल्यात आणि तुम्ही तिचं फाटक अडवून तिच्यासाठी प्रार्थना करताय!"

काका एक क्षण जागच्या जागी खिळले. मग धावले. अहो, त्या वयात माणूस असा धावलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांच्यामागे सगळी मंडळी गल्लीत उतरली, पाळकसाहेब झगा वर धरून पळताहेत, पेटीवाल्या बाई चष्मा सावरताहेत. काकांनी डबीपाशी जाऊन या खिशात हात घातला, त्या खिशात घातला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. किल्ली काचेतून दिसत होती. आतच लटकत होती. सकाळी दार धाडकन लावलं होतं ना!

फाटकाच्या आतून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. आत गल्लीत इतक्या गाड्या होत्या, पण एकीलाही बाहेर पडायला वाट नव्हती.

"काच फोडू?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"फोडाफोडी कशाला?" पेटीवाल्या बाई म्हणाल्या. "डबी तर आहे. उचला!"

आणि उचलली की हो! पुढून चौघे, मागून चौघे, बाजूने मिळेल तिथे बायका. पेटीवाल्या बाई ताल देत होत्या, "एक, दोन, तीन, उचल! एक, दोन, तीन, उचल!" गाण्याला कधी एका तालात न आलेली मंडळी त्या दिवशी मात्र अगदी एका तालात आली. काका सगळ्यांच्या पुढे वाकलेले. तिसऱ्या उचलीला त्यांच्या रविवारच्या कोटाची बाही खांद्यापासून टर्रकन फाटली. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. डबी एकेक वीत सरकत भिंतीला टेकली आणि फाटक मोकळं झालं.

व्हॅनमध्ये पावाचे ट्रे काढून गादी टाकली, पोरीला उचलून निजवलं, काकू शेजारी बसल्या. बेकरीवाल्याने गाडी सुरू केली आणि कपाळावर हात मारला. "अहो, भट्टीत पाव आहेत!"

"आम्ही बघतो!" काका ओरडले. "तू जा!"

"तुम्हाला येतं?"

"नाही येत! तू जा!"

वाटभर त्या पोरीने काकूंचा हात असा आवळून धरला होता, की बोटांतली अंगठी रुतत होती. "काकू, माझं बाळ..." एवढंच ती म्हणत होती. काकूंनी प्रार्थना केली ती फक्त तीन शब्दांची. देवा, सांभाळ हिला. याहून लांब प्रार्थनेला वेळच नव्हता.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आला, आणि काकूंना जेमतेम टेकायला बाक मिळतोय तोच आतून टॅहां ऐकू आलं. मुलगी! गोरीपान, मुठी आवळलेली, रागावलेली. नर्सबाई म्हणाल्या, "आणखी जरा उशीर झाला असता ना, तर अवघड होतं बरं." ते ऐकून बेकरीवाला मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. पिठाच्या गालांवरून पाण्याच्या दोन रेघा उतरल्या. काकू त्याच्याहून मोठ्याने रडल्या. आनंदाला काय कमी होती का तिथे!

बातमी सांगायला तो परतला, तेव्हा बेकरीत जत्रा भरल्यागत गर्दी होती. पाळकसाहेब झग्याच्या बाह्या दुमडून ट्रे पुसत होते, पेटीवाल्या बाई गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना रांगेत उभं करत होत्या, आणि भट्टीसमोर एका बाहीच्या कोटात, काळ्या तोंडाने लांबकाका उभे होते.

"मुलगी झाली!" तो म्हणाला, आणि बेकरीत एकच कल्ला झाला.

कल्ला ओसरल्यावर काका पुढे आले. प्रार्थनेला कधी शब्द कमी न पडलेल्या त्या माणसाला शब्द सापडेना.

"माझं चुकलं बाबा," ते शेवटी म्हणाले. "आजच नाही, दर रविवारी चुकलं. तू सांगत होतास आणि मी ऐकत नव्हतो. माफ कर मला."

बेकरीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या कोळसा झालेल्या पावांच्या ट्रेकडे पाहिलं.

"आणि ते?"

"तेही माझंच चुकलं," काका म्हणाले.

बेकरीवाला हसायला लागला. हसता हसता त्याने काकांना मिठी मारली, आणि कोटाची दुसरी बाहीही उसवली.

पुढे बाळ अंगाने भरलं, आई हिंडू-फिरू लागली, तेव्हाच्या एका रविवारची गोष्ट. काका आता डबी मोठ्या रस्त्यावर लावून चालत यायचे, आणि काकूंनी मुद्दाम न सांगता लवकर निघायचे. त्या दिवशी दोघं गल्लीच्या तोंडाशी आली तर काय, बेकरीचं फाटक सताड उघडं. 'इथे गाडी लावू नये' तसंच होतं, पण खालची खडूची ओळ पुसून तिथे नवी ओळ आली होती. 'चर्चवाल्यांनी आत लावावी. सावली आहे.' काकांनी ती वाचली, नाक ओढलं आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाले.

प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा त्यांचं मन भरून आलं होतं, आणि मन भरलं की काकांना आवरणं कठीण. बाळासाठी आभार झाले. आईसाठी झाले. मग हळूहळू आजारी यायला लागले, प्रवासी यायला लागले. दाराशी काकूंना पुन्हा ताज्या पावाचा वास आला.

"आमेन!" दारातून मोठ्याने आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. उंबऱ्याच्या आत, बायकोबाळाला घेऊन, बेकरीवाला उभा होता, लाजून लाल झालेला.

"माफ करा हं," तो म्हणाला. "भट्टीत पाव आहेत. आणि आज मला शेवटपर्यंत थांबायचं होतं."

काकांनी डोळे न उघडताच मान डोलावली. "आमेन," ते म्हणाले. मंडळी हसत हसत "आमेन" म्हणाली, आणि काकूंनी बाकावर सरकून तिघांना जागा करून दिली.