पाण्याची कुपी

रमिलाला गोड लघवीचा आजार आहे हे धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. दुसऱ्या वर्षी, म्हणजे सदुसष्टच्या मार्गशीर्षात, आमच्याकडचं निळं औषध संपत आलं. ही गोष्ट तेव्हाची.

निळं औषध पोटात घ्यायचं नसतं. चमचाभर औषधात लघवीचे आठ थेंब टाकायचे, काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरून उकळायची आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे थोडी, पिवळा म्हणजे जास्त, विटेसारखा लाल म्हणजे फारच. रंगावरून सुईत इन्सुलिन किती घ्यायचं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. हिरव्याला नेहमीच्या दहा रेघा, लालला चौदा, निळ्याला आठ. तो कागद मी देवघराच्या भिंतीला चिकटवला होता. दिवसातून तीनदा मी त्या नळीसमोर बसायची आणि रंग पक्का होईपर्यंत नजर हलवायची नाही.

त्याला कारण होतं. भाद्रपदात एकदा नळी फुटली म्हणून मी अंदाजाने सुई दिली. दुपारी रमिला ओट्यावर खेळता खेळता घामाने निथळली, हात थरथरायला लागले, डोळे वर गेले. मी नुसती किंचाळत होते. फुईने गुळाचं पाणी बोटाने तिच्या गालाच्या आत चोळलं, तेव्हा पोर शुद्धीवर आली. त्यानंतर मी शपथ घेतली, रंग बघितल्याशिवाय सुई हातात धरायची नाही.

फुई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, फुलवंताबाई. नवरा लवकर गेला. त्याचं कळसाडीतलं गुऱ्हाळ भाऊबंद विकायला निघाले, तेव्हा ही बाई पदर खोचून कढईपाशी उभी राहिली आणि वीस वर्षं तिने स्वतः गूळ उतरवला. आता ती आमच्या घरी राहत होती, पण हंगामात आमच्या गावातली तिन्ही गुऱ्हाळं तिला बोलवायची. अक्षर तिला एकही येत नव्हतं. मी धुळ्याला बी.ए. केलेलं, इतिहास घेऊन. लग्न होऊन आले तेव्हा तिने मला वरून खालपर्यंत बघितलं होतं आणि म्हणाली होती, "पुस्तकं वाची वाची मान वाकी गई पोरनी." मी तिच्यापासून जरा लांबच असायची.

तर औषध संपत आलं. बाटलीत तीन बोटं उरलं, फार तर सात दिवसांचं. माझे यजमान, गिरधर, शहाद्याला गेले, मीही बरोबर गेले. औषधाच्या दुकानदाराने हात जोडले.

"वहिनी, इन्सुलिन मी कुठूनही आणतो, ते नसलं तर पोर जाईल हे मला कळतं. पण हे निळं पाणी सगळ्या तालुक्यात तुम्ही एकट्याच घेता. सुरतेचा माणूस म्हणतो, एका बाटलीसाठी पेटी फोडत नाही. तीन आठवडे लागतील. चारही लागतील."

"दुसऱ्या कुणाला नाही हा आजार?"

"असेल ना. पण तपासतं कोण? एका बाटलीत गड्याचे दोन रोज जातात. वर स्पिरिट, वर नळ्या. लोक लघवीला मुंग्या लागतात का ते बघतात आणि देवावर सोडतात."

परतताना गाडीत गिरधर म्हणाले, "दिवसातून एकदाच बघू. सकाळी." मी मान हलवली, पण दुपारचं काय, संध्याकाळचं काय, हे बैलांच्या घुंगरांबरोबर डोक्यात वाजत राहिलं.

घरी आल्यावर मी बाटली उजेडात धरून बसले होते. फुई सूप घेऊन तूर पाखडत होती. तिने विचारलं, मी सांगितलं. सूप थांबलं.

"मी रोज दखस," ती म्हणाली. "इतलंसं मूत आनि त्याले चमचाभर निळं पानी. कसाले?"

"तसंच लिहिलंय, फुई. आठ थेंबाला एक चमचा."

"मंग दोन थेंबले पाव चमचा का नही?"

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

"गुऱ्हाळमा गूळ व्हयना का नही ते दखाले आम्ही पुरी कढई वततस का? एक थेंब. थंडा पानीमा टाकतस, गोळी व्हयनी का उतारतस. थेंबले जे शे तेच कढईले शे."

"पण फुई, औषधाचं तसं नसतं. डॉक्टरांनी..."

"डॉक्टरना घर औषधन्या बाटल्या भरेल शेतस. त्यानं काय जास? करी दख एकदाव. दोन्ही संगे. रंग येगळा उना ते मन्हं नाव टाकी दे."

करून बघायचं म्हटलं तर नवी अडचण. एवढंसं औषध नळीत घालून दिव्यावर धरलं की फसकन उडून बाहेर यायचं. पहिल्याच वेळी माझ्या मनगटावर उडालं. फुई उठली, माजघरातल्या कोनाड्यातून इन्सुलिनच्या रिकाम्या कुप्या घेऊन आली. मी त्या फेकायला द्यायची, तिने सगळ्या जपून ठेवल्या होत्या. अडकित्त्याने तिने त्यांची पत्र्याची कडी काढली, रबराची बुचं काढली, कुप्या उकळून घेतल्या. मग पातेल्याच्या तळाला फडकं घातलं, वर थंड पाणी, त्यात कुप्या उभ्या केल्या आणि पातेलं चुलीवर चढवलं.

"आच सीधी लागनी नही पाहिजे," ती म्हणाली. "काच बी तडकाव नही आनि मालबी उडाव नही."

चमचाभर औषध मी ड्रॉपरने मोजलं, ऐंशी थेंब भरले. म्हणजे पावाचे वीस. एका कुपीत ऐंशी थेंब औषध आणि आठ थेंब लघवी, दुसरीत वीस आणि दोन. पाणी उकळायला लागल्यावर फुईने तोंडाने शंभरापर्यंत मोजलं, ते तिला येत होतं, आणि असे तीन शंभर झाल्यावर कुप्या सांडशीने बाहेर काढल्या. दारातल्या उजेडात धरल्या. एकात जास्त, एकात तळाशी थोडंसं, पण दोन्हींत तोच कोवळ्या वालाच्या शेंगेसारखा हिरवा.

गिरधर बघायला आले होते. "फुई, तू ते शास्त्रज्ञ निघाली!"

"चाल, चाल. मस्करी नको करू. इस्तो सार आते," ती चुलीतल्या निखाऱ्यांकडे हात करत म्हणाली.

त्या दिवसापासून स्पिरिट बंद झालं, नळ्या फुटणं बंद झालं. सात दिवसांचं औषध महिनाभर पुरेल असं दिसायला लागलं. मी पुन्हा दिवसातून तीनदा रंग बघू लागले. रात्री झोप लागू लागली. खरं सांगते, मी फुईकडे तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना वीस वर्षांच्या कढईने भाजल्याच्या पांढऱ्या खुणा होत्या, आणि त्याच बोटांत ती इवलीशी कुपी मोत्यासारखी धरायची.

अकराव्या दिवशी सकाळी रंग लाल आला.

नुसता तांबूस नव्हे. भट्टीतून काढलेल्या विटेचा लाल.

मी कुपी पुन्हा उजेडात धरली. रात्री रमिलाने नाचणीची अर्धी भाकर आणि मेथी खाल्ली होती. माझ्या डोळ्यांसमोर वाढली होती. मी तिला विचारलं, "खरं सांग, गुऱ्हाळावर गेली होतीस? कुणी काही दिलं?"

"नाही गं आई."

"रमिला, डोळ्यांत बघ माझ्या."

"बघते ना! नाही म्हटलं ना!" आणि ती रडायला लागली.

मी कागद बघितला. लाल, चौदा. सुई उकळलेलीच होती. माठाजवळच्या ओल्या फडक्यातून इन्सुलिनची कुपी काढली, चौदा रेघा भरल्या. रमिलाने सवयीने बाही वर केली, तोंड भिंतीकडे वळवलं.

"थांब, वहू," फुई म्हणाली.

"फुई, वेळ नाही. लाल आहे."

"लाल शे ते दखं मी. पन रातले पोर मन्हा जोडे निजेल व्हती. एकदाव बी उठनी नही. पानी बी नही मांगं. मागे लाल व्हतं तवय पाच पाच दाव उठे, तांब्या तोंडले लायीसन बसे. आज कशी नही उठनी?"

"पण रंग..."

"रंग कवय खोटं बोलस, ते मालेबी ठाऊक नही. दखू दे."

तिने दुसरी कुपी घेतली. माठातलं पाणी घेतलं, ज्या वाटीत रमिलाने लघवी केली होती ती पाण्याने विसळून ओतून टाकली, परत त्याच वाटीत पाणी घेतलं आणि त्यातले दोन थेंब कुपीत टाकले. मग औषधाच्या बाटलीकडे हात केला.

मी बाटली धरून ठेवली. "पाण्यावर? फुई, एक थेंबही वाया घालवायचा नाही असं तुम्हीच म्हणता! अजून दहा-बारा दिवस काढायचेत!"

"सोड."

"पाण्यात काय दिसणार?"

"काहीच नही दिसनं ते तू सुई दे. मी एक शब्द बोलाव नही."

माझ्या हातात सुई, तिच्या हातात बाटली. मी बाटली सोडली. तिने वीस थेंब मोजले, एकही जास्त नाही, कुपी पातेल्यात ठेवली आणि मोजायला लागली. रमिला बाही वर करून तशीच उभी. "आई, हात दुखतो." मी म्हटलं, "खाली कर." सुई ताटलीत ठेवली. फुई एकाच लयीत मोजत होती. मला वाटत होतं की माझ्या हट्टी फुईसासूपायी पोरीच्या रक्तात साखर चढतेय आणि मी इथे बसून पाणी उकळतेय.

तिसरं शंभर संपलं. फुईने कुपी बाहेर काढून दारात धरली.

पाणी नारिंगी झालं होतं.

फुई हळू म्हणाली, "आते पानीले बी साखर व्हयनी का?"

मग ती वाटीकडे वळली. ती तिचीच वाटी होती, पितळेची, काठ बाहेर दुमडलेला. आदल्या दिवशी रमिलाच्या जर्मलच्या वाटीवर म्हशीचा पाय पडून ती चेपली होती, म्हणून सकाळी फुईने आपली काढून दिली होती. आमच्या गावात पहिली कढई उतरली की काकवी आधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईने चाखायची आणि ती तिच्या स्वतःच्या वाटीतूनच. ही वाटी वीस वर्षं त्यासाठी होती. रमिलाच्या लघवीला ती दिली म्हणजे फुई आता त्यातून कधी काकवी चाखणार नव्हती. हे तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

तिने चिमट्याचं टोक काठाच्या घडीत घालून खरवडलं. काळपट, चिकट, वाळलेली काकवी निघाली. बारीक धागा, वीस हंगामांचा.

"मन्ही चूक शे," ती म्हणाली. सरळ माझ्याकडे बघून. "मी राखवरी घासं, पन घडीमा बोट जास नही. पोरले काही नही व्हयेल. वाटी गोड शे."

मी ताटलीतल्या सुईकडे बघितलं. चौदा रेघा. त्या दिल्या असत्या तर दुपारी रमिला पुन्हा ओट्यावर घामाने निथळली असती. मी ताटली बाजूला सरकवली.

फुई उठली. काचेचा पेला उकळत्या पाण्यातून काढला, गार केला आणि रमिलाच्या हातात दिला.

"जाय, मूत."

"आता येत नाही!"

"कशी नही येस? पानी पे."

"आत्ताच केली ना! सगळी केली!"

फुईने तिला मागच्या मोरीत नेलं आणि तांब्यातून बारीक धार सोडत बसली. "सूऽऽ, सूऽऽ," तान्ह्या बाळाला करतात तसं. रमिला आधी रागावली, मग तिला हसू आलं, आणि हसता हसताच काम झालं.

या वेळी दोन कुप्या चढल्या. एकात पेल्यातलं पाणी, एकात लघवी. पाण्याची निळी राहिली, स्वच्छ निळी. दुसरी हिरवी झाली, तोच रोजचा कोवळा हिरवा. मी सुईतल्या चार रेघा परत सोडल्या, दोनदा बघितलं, फुईलाही दाखवलं. रेघा तिला मोजता येत होत्या. "दहा," ती म्हणाली. मी सुई दिली.

रमिला भाकर खाऊन अंगणात पळाली. मी दुपारपर्यंत तिच्यामागे फिरले, कपाळाला हात लावून बघत होते. कपाळ कोरडं होतं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आई, मला खेळू दे की!"

गिरधर शेतातून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. वाटीचंही सांगितलं. फुई ओट्यावर बसली होती, ते तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिच्या पायावरून हात फिरवला. ती म्हणाली, "काय रे, काय पाहिजे तुले?"

बाटली शहाद्याहून चोविसाव्या दिवशी आली. आमच्या जुन्या बाटलीत तेव्हाही तळाला थोडं उरलं होतं. दुकानदाराने निरोप धाडला होता, म्हसावदच्या एका बाईच्या मुलालाही हाच आजार निघालाय, तिला तुमची रीत समजावून सांगाल का, एका बाटलीत तिचे चार महिने निघतील तर ती घेईल.

गिरधर नवी बाटली हलवत म्हणाले, "चला, आता पुरा चमचा टाका. कंजुषी नको."

"पावच," फुई म्हणाली. "आनि संगे पानीनी कुपी, रोज सकायले. तेनाबिगर सुई नही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "म्हसावदले कवय जावानं? मी येस. तू बोलशी ते ती बाई घाबरी जाई."

"का? मी काय करते?"

"तू आधी कागद दखाडस," फुई म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली.