न झिजलेलं जस्त

धक्क्यावर सगळे त्यांना फ्यूजबाई म्हणत, पण तोंडावर म्हणायची हिंमत फक्त सुनेची होती. बोट धक्क्याला लागली की तिला विजेच्या खांबाशी जोडून द्यायचं हे बाईंचं काम. आधी बोटीचा मेन स्विच बंद, मग प्लग, शेवटी खांबाचा स्विच. काढताना सगळं उलट. घाईतल्या माणसाला हा नुसता जाच वाटे. बाई म्हणत, जाच परवडतो, जाळ परवडत नाही.

सून पाण्याखाली जाऊन बोटींचे तळ घासायची आणि तिथे लावलेले जस्ताचे तुकडे बदलायची. जस्त लावायचं ते एवढ्यासाठीच, की पाण्याने खायचं तर ते खावं, बोटीचा पंखा सोडावा. या कामाला बाईंनी वर्षभर नाक मुरडलं होतं. मग सून काही ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी एक नियम केला. सून जिच्याखाली जाणार त्या बोटीचा प्लग बाई स्वतः काढणार आणि ती वर येईपर्यंत हातात धरून बसणार.

त्या दुपारी सून धक्क्याच्या मालकांच्या पांढऱ्या बोटीखालून वर आली आणि म्हणाली, जस्त तीन महिन्यांनीही नव्यासारखं आहे, बदलायला नको. एरवी महिन्यात त्याची चाळण व्हायची. बोटीचा कप्तान गालातल्या गालात हसला आणि आपणच इलाज केल्याचं त्याने सांगून टाकलं.

इलाज म्हटल्यावर बाईंना शंका आली. त्यांनी हातातल्या प्लगचे स्क्रू काढले. आत अर्थिंगची हिरवी वायर मुळापासून कापलेली होती.

कप्तान समजावू लागला. त्या वायरीने धक्क्यावरच्या सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात, म्हणून दुसऱ्यांच्या लोखंडापायी आपलं जस्त झिजतं. आता ते खरंच होतं, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्यांना उरलेलं कोण सांगणार? बोटीत कुठे वायर सोलली तर वीज त्या हिरव्या वाटेने परत जाते आणि खांबाचा स्विच पडतो. ती वाटच तोडली की वीज पाण्यात उतरते. आणि तीन महिने ही पांढरी बया जोडलेली असताना सून शेजारच्या बोटींखाली काम करत होती.

"पाण्यात कधी काही जाणवलं का गं?" बाईंनी विचारलं.

सून हात चोळत म्हणाली, "मागच्या आठवड्यात हाताला मुंग्या आल्या होत्या. मला वाटलं, गारठा."

बाईंना आधी भीती वाटली, मग ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, आणि शेवटी जो राग आला तो काही जाईना.

तेवढ्यात धक्क्याचा मॅनेजर धावत आला. मालकांचे पाहुणे तासाभरात येणार, एसी चालू हवा. वायरीचं उद्या बघू, आजवर कुणी मेलंय का? सुनेनेही शेजारची बोट उरकून घ्यावी, असं त्याचं म्हणणं.

बाईंनी पिशवीतून पक्कड काढली, प्लगच्या मागे केबल कापली आणि प्लग खिशात टाकला.

"उद्यापासून कामावर येऊ नका," मॅनेजर म्हणाला.

"उद्यापासून ना? मग आजचा दिवस माझा आहे."

बाई ओळीने निघाल्या. एकेका बोटीची वीज बंद करून त्यांनी प्लग उघडून पाहिले. कप्तानाचा इलाज चांगलाच पसरला होता. आणखी चार प्लगांत हिरवी वायर नव्हती, आणि चारही प्लग पहिल्याशेजारी खिशात गेले. मागे आरडाओरडा चालू होता. एकाने तर बाईंच्या वयाचा उद्धार केला. बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मग शेजारच्या बोटीचाही प्लग काढून त्या काठावर बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "जा आता."

सुनेने पाण्याखालचा चष्मा कपाळावर सरकवला आणि मॅनेजरला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "उद्या तुम्ही इथे नसलात, तर मीही पाण्यात नसेन, फ्यूजबाई."

धक्क्यावर पाण्याखाली जाणारं दुसरं कुणी नव्हतं. मॅनेजर काहीतरी बोलू लागला, पण बाईंचं लक्ष नव्हतं. सून पाण्यात उतरली होती, आणि त्या हातात प्लग घेऊन तिचे बुडबुडे मोजत होत्या.