अंजनीच्या हातची शेवटची कांडी

मी एक जुना धोटा आहे. हसू नका, मित्रांनो! शहापूरच्या आमच्या विणकर गल्लीत माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. शिसवी लाकडाचं अंग, टोकांना लोखंड, पोटात सुताची कांडी. मागावरच्या ताण्यातून इकडून तिकडे धावायचं, एवढंच माझं आयुष्य.

चंद्राबाईच्या मागावर मी आलो तेव्हा तिची अंजनी रांगत होती. पुढे बाप गेला. आईनं माग धरला, लेकीनं कांड्या भरायचा रहाट. अंजनीनं भरलेली कांडी अशी गुळगुळीत, की मी कधी अडखळलो नाही. पोर लई बडबडी!

मग जर्मनीची लढाई पेटली. लष्कराच्या कॅम्पातल्या शाळेत इंग्रजी शिकलेली अंजनी बायकांच्या पलटणीत गेली, सांबऱ्याच्या विमानतळावर टेलिफोनवर बसू लागली. तिची खाकी साडी बघून गल्लीनं नाकं मुरडली. शेजारची नागुबाई तर तोंडावर म्हणाली, "पोरीला पलटणीत धाडलीस? आता कोण करंल गं तिला?"

 चंद्राबाईनं मागावर हिरवा ताणा चढवला, लेकीच्या लग्नाच्या साडीचा. सुट्टीला आली की अंजनी खाकीतच रहाटाला बसे.

"आई, माझ्या साडीच्या कांड्या मीच भरणार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाय."

"व्हय बाई, न्हाय देत."

एका सकाळी शिपाई आला. सांबऱ्याला पेट्रोलच्या पिंपांना आग लागली होती. सगळे बाहेर पळाले. अंजनी बंब बोलवायला टेलिफोनपाशी थांबली. बंब आला, पण त्याआधी छप्पर तिच्यावर कोसळलं होतं. दुपारी लॉरीतून तिला घरी आणणार होते.

चंद्राबाई रडली नाही. ती थेट मागाच्या खड्ड्यात उतरली. सुतकात आमच्यात मागाला कुणी शिवत नाही. नागुबाई धावत आली. "चंद्रा, येड लागलं काय? सुतक हाय!"

"माझी लेक माझ्याच कापडात जाणार. सर बाजूला!"

काय सांगू, त्या दिवशी मी कसा धावलो! तिच्या पायाखालची पावडी दणदणत होती, तिच्या हाताचं रक्त माझ्या लाकडाला लागत होतं. टोपलीतल्या कांड्या संपत आल्या आणि पदर विणायचा तसाच राहिला. दाराशी लॉरी थांबली. नागुबाईला राहवलं नाही. सुतक विसरून ती रहाटाला बसली.

"थांब चंद्रा, मी भरून देते."

"नको, नागुबाई. तिला शबूद दिलाय मी."

माझ्या पोटात अंजनीच्या हातची शेवटची कांडी होती, तीही हातभरच उरली. चंद्राबाईनं तिथंच ताणा कापला आणि बिनपदराची ती साडी लेकीच्या खाकीवर पांघरली. त्यानंतर ती मागावर बसली नाही.

परवा स्वराज्य आलं. पोरं हुतात्म्यांची नावं घेत गल्लीतून गेली. चंद्राबाई दारात कान देऊन उभी राहिली. गोऱ्यांची चाकरी केलेल्या पोरीचं नाव कोण घेणार? मिरवणूक लांब गेली तरी ती आत येईना.

मित्रांनो, मी आता फळीवर धूळ खात पडलोय. मला पुसा, वाटलं तर खेळायलाही घ्या. फक्त माझ्या पोटात हातभर हिरवा धागा उरलाय, तो ओढू नका. तो अंजनीनं भरलाय. आणि चंद्राबाईच्या दारावरून जाताना, तिला ऐकू जाईल असं, अंजनीचं नाव एकदा घ्या रे!